हाताची घडी, तोंडावर बोट : टेक्निकल रायटिंगच्या वर्गात युजेबिलिटी टेस्टिंग शिकवताना

पहिल्या बॅचला मी युजेबिलिटी टेस्टिंग, म्हणजे लिहिलेल्या सूचना वापरणाऱ्याच्या हातात देऊन तो कुठे अडतो ते बघणं, शिकवलं तेव्हा सगळे पास झाले. विद्यार्थी पास झाले आणि त्यांनी लिहिलेली मॅन्युअल्ससुद्धा पास झाली. तिथंच मला शंका यायला हवी होती.

14 रिपोर्ट आले होते. मथळे सारखे, तक्ते सारखे, निष्कर्षही सारखाच: 'युजरला डॉक्युमेंट समजायला सोपं वाटलं, काही किरकोळ सुधारणा सुचवल्या.' हा युजर कोण, तर शेजारच्या बाकावरचा मित्र. तो बिचारा महिनाभर त्याच सॉफ्टवेअरवर लिहीत होता, त्याला न समजण्यासारखं उरलं होतं काय? आणि किरकोळ सुधारणा म्हणजे 'फॉन्ट थोडा मोठा हवा'. मी भराभर मार्क दिले आणि मोकळी झाले.

दोष त्यांचा नव्हता. मी पुण्यात सतरा वर्षं डॉक्युमेंटेशनमध्ये काम करते आहे आणि गेली सहा वर्षं शनिवार-रविवार एका संस्थेत टेक्निकल रायटिंगचे, म्हणजे मॅन्युअल आणि सूचना लिहायचे, वर्ग घेते. त्या पहिल्या वर्षी मला फोन आला, 'मॅडम, युजेबिलिटीचं एक मॉड्यूल घ्याल का?' मी हो म्हटलं आणि 62 स्लाइड्स केल्या. आयएसओ 9241-11 हे मानक, त्यातली युजेबिलिटीची 1998 ची व्याख्या, 2018 ची सुधारित व्याख्या, परिणामकारकता, कार्यक्षमता, समाधान. मुलांनी व्याख्या घडाघडा पाठ केली. पण त्या व्याख्येत 'ठरावीक वापरणारे, ठरावीक उद्दिष्टं, ठरावीक परिस्थिती' असं जे लिहिलंय, ते मीच वर्गात पाळलं नव्हतं. बाकावरचा मित्र हा कुठला ठरावीक वापरणारा?

तुमच्यापैकी कुणाला असाच फोन आला असेल, किंवा तुम्ही या क्षेत्रात नवे असाल आणि कोर्समध्ये हा विषय येणार असेल, तर माझं काय काय फसलं आणि मग काय जमलं ते सांगते.

ओआरएसचं पाकीट

दुसऱ्या बॅचला मी स्लाइड्स घरी ठेवल्या आणि येताना औषधाच्या दुकानातून ओआरएसची सहा पाकिटं घेतली. एक लिटर पाण्यात मिसळायची, मोठी. जागतिक आरोग्य संघटनेचं 2002 पासूनचं सूत्र असं: ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम, एकूण 20.5 ग्रॅम. हे सगळं एका लिटरला जुळवलेलं. पाणी कमी पडलं तर द्रावण जास्त खारट होतं आणि जुलाबानं आधीच सुकलेल्या पोराच्या अंगात नको तेवढं मीठ जातं. म्हणजे इथं सूचना चुकीची समजली तर नुसता कस्टमर केअरला फोन जात नाही.

मुलांना वीस मिनिटं दिली. पाकीट कसं तयार करायचं ते मराठीत पाच-सहा ओळींत लिहा. इंग्रजी साहित्यात एमए केलेल्या मुली, इंजिनिअर झालेली पोरं, सगळ्यांना वाटलं, एवढं सोपं? वीस मिनिटं कशाला?

टेबलावर मी स्टीलचा ग्लास, तांब्या, चमचा, कात्री, पाण्याची लिटरची रिकामी बाटली (लेबल काढून) आणि एक जग ठेवला. मग इमारतीतल्या काही जणांना आधीच विचारून ठेवलं होतं, त्यांना एकेक करून बोलावलं: वॉचमनकाका, सफाईच्या मावशी, कँटीनमधला मुलगा, अकाउंट्समधल्या एक मॅडम. काम सगळ्यांना एकच: 'घरी नातवंडाला किंवा भाच्याला सकाळपासून जुलाब होतायत. दवाखान्यातून हे पाकीट आणि हा कागद मिळालाय. तयार करून दाखवा. प्यायचं कुणी नाही.'

मावशींनी कागद वाचला. 'एक लिटर पाणी घ्या' असं लिहिलं होतं. त्यांनी स्टीलचा ग्लास भरला, पाकिटाचा कोपरा कापला, अर्धी पावडर ग्लासात टाकली आणि उरलेलं पाकीट व्यवस्थित दुमडून बाजूला ठेवलं. पोर लहान, त्याला लिटरभर कशाला, उरलेलं संध्याकाळी. त्यांच्या हिशोबानं यात काहीच चूक नव्हती. आपल्या घरात खोकल्याच्या औषधापासून खाण्याच्या सोड्यापर्यंत सगळं असंच दुमडून ठेवलेलं असतं.

ज्यानं तो कागद लिहिला होता तो मुलगा उठून उभाच राहिला. 'मावशी, अख्खं पाकीट! आणि बाटलीत!'

टेस्ट तिथंच संपली. जे कागदात नव्हतं ते त्यानं तोंडानं भरून काढलं. मी त्याला म्हटलं, 'तू काय पाकिटाबरोबर घरोघरी जाणार आहेस का?' वर्ग हसला. तोही हसला, पण पुढची पंधरा मिनिटं तो कागदाकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर माझ्या 62 स्लाइड्सना कधी मिळाली नव्हती.

त्या दिवशी कागद तीनदा बदलले. आधी कुणीतरी 'पाच ग्लास पाणी' असं केलं. मग वॉचमनकाकांचा ग्लास आणि अकाउंट्सच्या मॅडमचा ग्लास शेजारी ठेवले तेव्हा एकात दुसऱ्याचं जवळजवळ दीडपट पाणी मावत होतं, म्हणून तेही खोडलं. 'एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली काठोकाठ भरा' हे टिकलं. 'सगळी पावडर एकाच वेळी टाका, पाकिटात काही ठेवू नका' हे टिकलं. '24 तासांनी उरलेलं ओतून द्या' हे सगळ्यांनी वाचलं आणि एकानंही प्रश्न विचारला नाही, म्हणून ते चालतंय असं मुलांनी धरलं. पण ते चाललं की नुसतं वाचलं गेलं, हे आमच्या टेस्टमधून कळायला मार्गच नव्हता. 24 तास कोण थांबणार? टेस्टला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हा धडा मुलांना त्याच पाकिटातून फुकट मिळाला.

(बाजारात 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. पुढच्या एका बॅचला मी मुद्दाम दोन्ही आकार टेबलावर ठेवले. काय झालं ते सांगत नाही, करून बघा.)

गप्प बसणं

टेक्निकल रायटर शिकतो ते बोलायला. समजावून सांगायला. टेस्ट घेताना नेमकं उलटं करायचं असतं. माझ्या वर्गात त्यासाठी पहिलीतला नियम आहे: हाताची घडी, तोंडावर बोट. अक्षरशः. समोरचा माणूस अडकला की मनात एक ते वीस आकडे मोजायचे. वीस आकडे किती लांब असतात हे ज्याचा कागद नापास होतोय त्यालाच कळतं.

तीनच वाक्यं बोलायची मुभा आहे. 'आत्ता मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोला.' 'तुम्ही घरी एकट्याच असतात तर काय केलं असतं?' आणि 'हं.' दुसरं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण आपल्याकडची माणसं दर दोन मिनिटांनी मान वर करून विचारतात, 'बरोबर आहे ना?' आपण नुसती मान हलवली तरी उत्तर दिलं असं होतं.

'का' हा प्रश्न बंद. यामागे जुनी गोष्ट आहे. मनात येईल ते बोलत बोलत काम करायला लावायची ही पद्धत क्लेटन लुईस यांनी आयबीएममध्ये 1982 साली इंटरफेस तपासण्यासाठी मांडली. त्याच्या थोडं आधी, 1980 मध्ये, एरिक्सन आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की डोक्यात जे चालू आहे ते तसंच बोलून दाखवलं तर विचारांच्या वाटेत फारसा फरक पडत नाही, पण कारणं द्यायला सांगितली की माणूस वेगळा विचार करू लागतो. हे मुलांना पुस्तकातून सांगू नका. एकाला विचारा, 'तू हा शर्ट का घातलास?' तो जे उत्तर देईल ते त्यानं सकाळी कपाट उघडलं तेव्हा मनात होतं का, हे त्यालाच विचारा.

आता आपल्या मातीतली खरी अडचण. माणसं फार चांगली असतात. मावशींनी टेस्टनंतर त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, 'छान लिहिलंय रे बाळा, मलाच चष्मा नव्हता.' आपल्याकडे शिकलेल्या पोरानं लिहिलेल्या कागदाला नावं ठेवणं लोकांना जड जातं. चुकलं ते स्वतःचंच, अशी ठाम समजूत. मुलाखतीत 'कसं वाटलं?' विचारलं की उत्तर ठरलेलं: छान.

मुंबईत ह्यूमन फॅक्टर्स इंटरनॅशनल या युजेबिलिटीचं काम करणाऱ्या कंपनीत काम केलेल्या अपाला लाहिरी चव्हाण यांना हाच अनुभव आला होता, आणि त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्याला 'बॉलिवुड पद्धत' म्हणतात. तिकीट बुक करायची वेबसाइट तपासायची तर 'तिकीट बुक करा' असं कोरडं काम द्यायचं नाही. भाचीचं लग्न ठरलंय आणि नवरा मुलगा गुंड आहे असं ऐनवेळी कळलंय, पुरावा आणायला तातडीनं जायचंय, तर तिकीट काढा! माणूस त्या नाट्यात शिरला की भीड विसरतो आणि साइटवर मनसोक्त चिडतो. माझं नातवंडाच्या जुलाबाचं काम म्हणजे याच पद्धतीचं गरिबाघरचं रूप.

आणखी एक साधी युक्ती: ज्याचा कागद त्यानं टेस्ट घ्यायची नाही. वर्गात अदलाबदल करा. मग टेस्ट घेणारा खरं बोलू शकतो, 'हा कागद मी लिहिलेला नाही, यात चुका आहेत, आम्हाला सापडत नाहीयेत, शोधायला मदत करा.' ज्यानं लिहिलाय तो मागे बसून टिपणं घेतो. सुरुवातीला मी मुलांना 'आम्ही तुमची नाही, कागदाची परीक्षा घेतोय' असं म्हणायला शिकवत होते. परीक्षा हा शब्द कानावर पडताच माणसं पाठ ताठ करून बसायची. तो शब्द काढून टाकला.

टिपणं, आणि 'मधेच' हा शब्द

टिपणांवर मी आता अख्खा एक शनिवार देते. याच जागी बहुतेक कोर्स घाई करतात.

पहिली सवय मोडायची ती म्हणजे निदान लिहिण्याची. 'युजर गोंधळली' हे निदान झालं. 'पायरी 4 दोनदा वाचली, पान उलटून आकृतीकडे गेली, परत आली, मशीनला हात न लावता थांबली' हे टिपण. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे आपल्याला वाटतं ते. टेस्ट चालू असताना उजवी बाजू कोरी राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्याकडे मॅन्युअल बहुतेक वेळा इंग्रजीत असतं, वाचणारा मनात मराठीत किंवा हिंदीत बोलतो आणि रिपोर्ट पुन्हा इंग्रजीत लिहायचा असतो. या फेऱ्यात बरंच सांडतं. एका मुलीच्या टेस्टमध्ये एक गृहस्थ सूचना वाचताना म्हणाले, 'हे कुठलं आलं आता मधेच?' तिनं इंग्रजीत लिहिलं, युजर गोंधळला. मी तिला मूळ वाक्य विचारलं. 'मधेच' या एका शब्दात सगळं निदान होतं! ती पायरी त्यांना अवघड गेली नव्हती, ती चुकीच्या जागी आली होती. शब्द सोपे करून काही झालं नसतं, पायरी दोन घरं वर सरकवायला हवी होती, आणि ती सरकवल्यावर पुढच्या माणसानं तिथं श्वाससुद्धा घेतला नाही. तेव्हापासून नियम: माणूस ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत, त्याच शब्दांत टिपा. देवनागरीत टिपा, मोबाइलवर रोमनमध्ये टिपा, पण भाषांतर घरी जाऊन करा.

कॅरन श्रायव्हर यांचं 1992 चं एक संशोधन याच्याशी जवळचं आहे. त्यांनी लेखनाच्या वर्गांना सदोष मजकूर दिले, आधी मुलांना अंदाज करायला लावला की वाचणारा कुठे अडेल, मग खऱ्या वाचणाऱ्यानं मोठ्यानं विचार करत वाचलं त्याचं लेखी टिपण हातात दिलं. असे धडे गिरवलेली मुलं पुढे नव्या मजकुरातल्या अडचणीही आधी ओळखू लागली. जागा नाही, माणसं मिळत नाहीत, कॉलेज परवानगी देत नाही, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी हे जरूर करावं. जुन्या बॅचची टिपणं जपून ठेवा, तीच पुढच्या बॅचचं पाठ्यपुस्तक. नावं मात्र खोडा.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात: माणसाला समजेल अशा मराठीत संमतीचा कागद, कॅमेरा हातांवर आणि कागदावर, चेहऱ्यावर नाही, आणि बॅच संपली की फाइल डिलीट. वैयक्तिक डेटाचा कायदा 2023 मध्ये आला, पण त्याच्या आधीही हे असंच करायला हवं होतं.

पाच माणसांचा मंत्र

इंटरनेटवर दोन तास घालवलेला प्रत्येक विद्यार्थी येऊन सांगतो, 'मॅडम, पाच युजर पुरतात.' कुठून आलं हे? निल्सन आणि लँडाउअर या युजेबिलिटीच्या अभ्यासकांनी 1993 मध्ये एक गणित मांडलं आणि 2000 साली निल्सन यांच्या लेखानं ते घरोघर पोचवलं. एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी दाखवतो असं धरलं, तर पाच माणसांनंतर साधारण 85 टक्के दिसतात. फळ्यावर मांडून दाखवा: न दिसलेला भाग दर माणसामागे 0.69 नं गुणायचा. तीन माणसांनंतर साधारण दोन तृतीयांश अडचणी हाताशी येतात.

पण तो 31 चा आकडा काही दगडावरची रेघ नाही. 2001 मध्ये स्पूल आणि श्रोडर यांनी मोठ्या वेबसाइट्स तपासल्या तेव्हा पहिल्या पाच जणांत त्यांना 35 टक्केच अडचणी सापडल्या. 2003 मध्ये लॉरा फॉकनर यांनी 60 जणांची टेस्ट घेतली आणि त्यातून पाच-पाच जणांचे गट यदृच्छेनं उचलून पाहिले: सरासरी 85 च्या आसपास आली खरी, पण एखाद्या गटात जेमतेम 55 टक्के. म्हणजे पाच जणांत तुमचं नशीबही बसलेलं असतं.

वर्गात मी तीन माणसं सांगते, पण दोन फेऱ्यांत. तीन, मग दुरुस्ती, मग नवे तीन. दुसरी फेरी नसेल तर पहिली घेऊ नका, इतकं माझं टोकाचं मत आहे. दुरुस्तीनं नवी चूक घुसते ती दुसऱ्या फेरीतच दिसते. 'पाच ग्लास' आठवा.

एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) नावाची, वस्तू वापरायला किती सोपी वाटली ते मोजणारी दहा वाक्यांची प्रश्नावली आहे, जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये इंग्लंडमध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत केलेली. प्रत्येक वाक्याला 1 ते 5 मार्क द्यायचे. एकाआड एक वाक्य उलट्या अर्थाचं, त्यामुळे विषम वाक्याला मार्कातून 1 वजा, सम वाक्याला 5 मधून मार्क वजा, बेरीज गुणिले 2.5. मुलांना हे फार आवडतं, कारण शेवटी 0 ते 100 मधला एक देखणा आकडा येतो. सरासरी 68 मानतात. तीन माणसांवर हा आकडा काढून त्याचा बार चार्ट करणं म्हणजे तीन तांदळांवरून पोतं पारखणं. शिकवा, पण रिपोर्टात मागू नका.

शिवणयंत्र

मुख्य प्रोजेक्ट चार आठवड्यांचा. आमच्याकडे एक जुनं शिवणयंत्र आहे, आणि मुलांनी दोरा ओवण्याच्या, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) भरण्याच्या सूचना लिहायच्या असतात. सॉफ्टवेअर का नाही, असा प्रश्न दरवर्षी येतो. स्क्रीनवर माणूस अडला की नुसता माउस थांबतो. दोरा ओवताना अडला की हात थांबतात, खांदे उचलतात, दोरा ओठात जातो. नव्या निरीक्षकाला अडलेलं दिसायला हवं.

'डावीकडून दोरा घ्या' या तीन शब्दांनी आजवर किती टेस्टांचा बळी घेतलाय. कुणाची डावी? बसलेल्या बाईची की यंत्राची? मुलांनी लिहिताना यंत्राच्या समोर उभं राहून लिहिलेलं असतं, स्टुलावर बसून नाही.

काम कसं सांगायचं तेही इथंच शिकतात. 'दोरा टेन्शनमधून (दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या भागातून) घालून सुईत ओवा' असं काम दिलं तर कागदातलं उत्तर तुम्ही आधीच सांगितलंत. 'या पडद्याची कड उसवली आहे, शिवायला बसा' हे काम. मोबाइलचं असेल तर 'सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा बदला' म्हणायचं नाही, 'आईला हा फोन मराठीत हवाय' म्हणायचं.

आणि मग तो क्षण येतो जेव्हा समोरचा माणूस कागद वाचतच नाही. विद्यार्थी चिडून येतात, 'मॅडम, त्यांनी वाचलंच नाही, ही टेस्ट कॅन्सल धरू ना?' मी मनात म्हणते, आला बाबा मुद्द्यावर. आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरल यांनी 1980 च्या दशकात हेच पाहिलं. ऑफिसातली माणसं वर्ड प्रोसेसर शिकताना जाडजूड मॅन्युअल क्रमानं वाचत नव्हती, मधेच उडी मारून काम करायला लागत होती, चुकत होती, आणि चूक निस्तरण्यासाठी पुन्हा पुस्तकात शिरत होती. त्यातून त्यांनी कमी लिहायची, लगेच कामाला लावायची आणि चुकल्यावर परत यायची वाट दाखवणारी पद्धत काढली. 1990 मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. न वाचलेला कागद ही टेस्टमधली सगळ्यात महाग माहिती असते. तो माणूस कागदाकडे परत कधी वळला ते टिपा. तिथं मोठा मथळा हवा.

गेल्या दोन बॅचना नवीनच प्रकार. काही जणांनी सूचना चॅटबॉटकडून लिहून घेतल्या. माझी हरकत नाही, वाक्यं स्वच्छ असतात. पण एका गटानं टेस्टसुद्धा त्याच्याकडून घेतली: 'तू साठ वर्षांची गृहिणी आहेस असं समज आणि हे वाच.' गृहिणी आनंदानं पास झाली, एक शंका न काढता. तोच कागद मी शेजारच्या खऱ्या साठीच्या काकूंपुढे ठेवला. तिसऱ्या पायरीला त्यांनी कागद बाजूला सारला आणि 'जाऊ दे, मी माझ्या पद्धतीनं करते' म्हणाल्या.

मार्कांबद्दल. सूचना किती छान झाल्या यावर मी मार्क देत नाही. 100 पैकी 40 मार्क पहिल्या आणि दुसऱ्या मसुद्यातल्या फरकाला, आणि प्रत्येक फरकापुढे टिपणातली ओळ दाखवायची: हे वाक्य का बदललं, कुणाच्या कुठल्या हालचालीमुळे. ज्याचा पहिला मसुदा धडाधड नापास होतो त्याला यात फायदा होतो, आणि तसाच व्हावा. वर्गातली हुशार, सफाईदार लिहिणारी मुलं यावर नाराज असतात. असू देत.

नोकरीत काय उपयोग, हेही विचारतात. खरं सांगायचं तर बहुतेक कंपन्यांत तुम्हाला युजर भेटूच देणार नाहीत. टेस्टिंग लॅब वगैरे स्वप्नं ठेवू नका. पण सपोर्टमध्ये बसणारी मुलं असतात, त्यांच्याकडे चहा घेऊन जा, मॅन्युअलच्या कुठल्या पानावरून तक्रारींची तिकिटं येतात ते त्यांना तोंडपाठ असतं. आणि नवीन जॉइन झालेला माणूस हेरून ठेवा. त्याचं अज्ञान जेमतेम आठवडाभर ताजं असतं, तेवढ्यात त्याला तुमचं इन्स्टॉलेशन गाइड देऊन अर्धा तास शेजारी गप्प बसा. मी मुलाखती घेते तेव्हा दहा चकचकीत सॅम्पल्सपेक्षा एक पान जास्त बोलतं: आधीचा मजकूर, टेस्टमधली टिपणं, नंतरचा मजकूर. असं पान आणणारा उमेदवार मला आजवर चारदाच भेटलाय. चारही जणांना घेतलं.

शिवणयंत्राच्या टेस्टला आमच्या गल्लीतल्या फॉल-पिको करणाऱ्या ताई दरवर्षी येतात. त्या ठरावीक वापरणाऱ्यांत बसत नाहीत, हे मी मुलांना सांगते, तरी बोलावते, कारण तज्ज्ञ माणूस कागदाशी कसा वागतो तेही बघायचं असतं. यंदा त्यांनी कागदाकडे ढुंकूनही न बघता चाळीस सेकंदांत दोरा ओवला आणि जाताना म्हणाल्या, 'हा कागद मी नेऊ का? नवीन मुलगी ठेवलीय कामाला.'

पंधरा दिवसांनी कागद परत आला. कोपऱ्यावर तेलाचा डाग होता. त्या नव्या मुलीनं पेन्सिलीनं 'बॉबिन केस' तीन ठिकाणी खोडून वर 'डबी' लिहिलं होतं, आणि आमच्या एका शुद्धलेखनप्रेमी विद्यार्थिनीनं हौसेनं घातलेल्या 'ताण-नियंत्रक' या शब्दाभोवती गोल काढून शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह. खाली, सहाव्या पायरीच्या पुढे, बारीक अक्षरात: 'इथं पाय पेडलवरून काढायचा ते सांगा. माझा राहिला होता.'

सहावी पायरी सुईत दोरा ओवायची होती. 14 जणांनी तो कागद तपासला होता, त्यात मीही होते.